ओवेन कॉयल: जमशेदपूरला चॅम्पियन करणाऱ्या स्कॉटिश कोचचं करिअर भारतीय फुटबॉलबद्दल काय सांगतं?

इंडियन सुपर लीग, म्हणजे आपली आयएसएल, एरवी सप्टेंबरात सुरू होते. २०२५-२६ चा हंगाम मात्र सुरू व्हायला १४ फेब्रुवारी २०२६ उजाडली. १४ क्लब आणि फक्त ९१ सामने. मधल्या महिन्यांत काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले, परदेशी खेळाडू आणि कोच निघून गेले आणि भारतीय टीम २०२७ च्या आशियाई कपच्या शर्यतीतून बाहेर पडली.

या गोंधळात एक खुर्ची रिकामी झाली, तिच्याकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही. चेन्नईयन एफसीच्या हेड कोचची खुर्ची. तिथे बसायचे स्कॉटलंडचे ओवेन कॉयल. याच माणसाने २०२२ मध्ये जमशेदपूरला आयएसएलची लीग जिंकून दिली होती. जमशेदपूरच्या कपाटात आयएसएलची तेवढी एकच ट्रॉफी आहे.

आता तुम्ही म्हणाल, कोच येतात आणि जातात, त्यात विशेष काय? पण कॉयल यांचं करिअर नीट पाहिलं तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. हा माणूस कमी पैशांत, कमी वेळात टीम वर काढतो. आणि तो निघून गेला की बऱ्याचदा ती टीम घसरते. कधीकधी तर तो असतानाच घसरते. मग दोष कोचचा, की ज्या जमिनीवर कोच उभा आहे त्या जमिनीचा? हाच प्रश्न आज भारतीय फुटबॉलसमोर आहे. तो समजून घ्यायला हे करिअर फार उपयोगाचं आहे.

कोण आहेत ओवेन कॉयल?

जन्म १४ जुलै १९६६, स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावचा. ग्लासगो शहराला लागून असलेलं हे गाव. कॉयल स्ट्रायकर होते, म्हणजे गोल मारणं हे त्यांचं काम. डंबार्टन, क्लाइडबँक, एअरड्री, डंडी युनायटेड, मदरवेल अशा बऱ्याच स्कॉटिश क्लबांकडून ते खेळले. सेल्टिक किंवा रेंजर्स या दोन बड्या क्लबांमध्ये ते कधी नव्हते. त्यांचं सगळं करिअर मधल्या फळीच्या क्लबांमध्ये गेलं.

इथे एक गंमत आहे. जन्म स्कॉटलंडचा, बोली स्कॉटलंडची, पण इंटरनॅशनल सामना खेळले ते आयर्लंडकडून. घराची मुळं आयर्लंडमधल्या डोनेगल भागात असल्यामुळे नियमाने ते शक्य होतं. १९९४ मध्ये नेदरलँड्सविरुद्ध ते उतरले. तो त्यांचा पहिला आणि शेवटचा इंटरनॅशनल सामना.

खेळाडू म्हणून त्यांचा सगळ्यात लक्षात राहिलेला दिवस १९९५ चा. वेम्बलीवर प्ले-ऑफ फायनल होती, जिंकणारी टीम थेट प्रीमियर लीगमध्ये जाणार होती. इंग्लंडमधला बोल्टन क्लब रेडिंगविरुद्ध ०-२ ने मागे होता. ७५ व्या मिनिटाला कॉयल यांनी पहिला गोल मारला, तिथून बोल्टनने सामना फिरवला आणि जादा वेळेत ४-३ ने जिंकला. पुढच्याच वर्षी डंडी युनायटेडला वरच्या लीगमध्ये नेणारा गोलही त्यांचाच होता.

म्हणजे वरच्या आणि खालच्या लीगमधला उंबरठा या माणसाने खेळाडू म्हणूनच अनेकदा पाहिला होता. तो ओलांडला की क्लबचं नशीब कसं पालटतं, हेही.

ग्रेटनाची गोष्ट: पैसा एकाच खिशातून आला की काय होतं?

कोच म्हणून कॉयल यांचं पहिलं मोठं काम स्कॉटलंडमधल्या सेंट जॉनस्टन क्लबात, २००५ पासून. २००६-०७ च्या हंगामाचा शेवटचा दिवस आला तेव्हा वर जाण्याच्या शर्यतीत दोनच क्लब उरले होते: सेंट जॉनस्टन आणि ग्रेटना. कॉयल यांच्या टीमने आपला सामना ४-३ ने जिंकला. त्यांचा सामना संपला होता, पण ग्रेटनाचा अजून चालू होता. इंज्युरी टाइममध्ये ग्रेटनाने गोल मारला आणि एका गुणाने बाजी मारली.

हा ग्रेटना क्लब काय प्रकरण होतं? इंग्लंडच्या सीमेवरचं छोटंसं गाव, लोकसंख्या जेमतेम तीन हजार. २००२ मध्ये त्यांना स्कॉटिश लीगमध्ये जागा मिळाली. ब्रुक्स माइलसन नावाच्या उद्योजकाने त्यात स्वतःचा पैसा ओतला आणि एकामागून एक लीग जिंकत ग्रेटना थेट देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये पोहोचला.

पुढे काय झालं? माइलसन आजारी पडले, पैसा थांबला. मार्च २००८ मध्ये क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला आणि त्याच वर्षी कायमचा बंद झाला. ज्या क्लबने कॉयल यांच्या हातून बढती हिसकावली, तो क्लबच दीड वर्षाच्या आत उरला नाही. सेंट जॉनस्टन मात्र टिकला, २००९ मध्ये वर गेला आणि २०१४ मध्ये त्याने स्कॉटिश कप जिंकला.

ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बर्नली: कॉयल यांचं खरं नाव झालं ते इथे

नोव्हेंबर २००७ मध्ये कॉयल इंग्लंडमधल्या बर्नलीला गेले. बर्नली हे कापड गिरण्यांचं जुनं शहर, लोकसंख्या लाखाच्या आत. क्लब १९७६ पासून सर्वोच्च लीगच्या बाहेर होता.

२००८-०९ च्या हंगामात या टीमने लीग कपमध्ये चेल्सीला त्यांच्याच मैदानावर पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवलं. मग आर्सेनलला हरवलं. सेमीफायनलमध्ये टॉटनहॅमविरुद्ध पहिला सामना १-४ ने गमावल्यावर दुसऱ्या सामन्यात ३-० अशी आघाडी घेतली आणि जादा वेळेच्या अगदी शेवटी दोन गोल खाऊन बाहेर पडली.

त्याच हंगामात २५ मे २००९ ला वेम्बलीवर प्ले-ऑफ फायनल झाली. वेड इलियटचा एक गोल, शेफील्ड युनायटेडविरुद्ध १-० असा विजय आणि ३३ वर्षांनी बर्नली पुन्हा सर्वोच्च लीगमध्ये. ऑगस्टमध्ये पहिल्याच घरच्या सामन्यात त्यांनी मँचेस्टर युनायटेडला १-० ने हरवलं. रॉबी ब्लेकच्या त्या गोलचे व्हिडिओ आजही फिरत असतात.

आणि मग जानेवारी २०१० मध्ये, हंगाम निम्म्यावर असताना, कॉयल शेजारच्या बोल्टनला निघून गेले. बोल्टन त्यांचा जुना क्लब, पण त्या वेळी तोही खालच्या जागांमधून सुटण्याची धडपड करत होता. बर्नलीच्या फॅन्सना हे फार लागलं. कॉयल गेले तेव्हा टीम रेलिगेशनच्या रेषेच्या वर होती, हंगाम संपला तेव्हा खाली. बोल्टन वाचला आणि बर्नली पडला.

कोचचा प्रभाव किती असतो, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मिळणं कठीण. पण हे चित्र अर्धंच आहे.

बोल्टन: कोच तोच, मग काय बिघडलं?

बोल्टनमध्ये कॉयल यांची एक पद्धत दिसली. खिशात पैसे कमी, म्हणून मोठ्या क्लबांचे तरुण खेळाडू लोनवर, म्हणजे उसने आणायचे. जॅक विल्शर आर्सेनलमधून आला, डॅनियल स्टरिज चेल्सीमधून. दोघांनी बोल्टनमध्ये कमाल केली, दोघंही पुढे इंग्लंडकडून खेळले. पण उसना खेळाडू हंगाम संपला की परत जातो. टीम पुन्हा पहिल्यापासून बांधायची.

२०११-१२ च्या हंगामात सगळंच उलटं फिरलं. महत्त्वाचे खेळाडू जखमी झाले. १७ मार्च २०१२ ला टॉटनहॅमच्या मैदानावर बोल्टनचा तरुण खेळाडू फॅब्रिस मुआंबा सामना चालू असताना कोसळला. त्याचं हृदय तब्बल ७८ मिनिटं बंद होतं. तो वाचला, पण पुन्हा खेळू शकला नाही. त्या दिवसांत कॉयल यांनी टीमला आणि मुआंबाच्या कुटुंबाला ज्या पद्धतीने सांभाळलं, त्याचं इंग्लंडभर कौतुक झालं.

मग आला १३ मे २०१२. हा दिवस फुटबॉल पाहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, कारण त्या दिवशी ९४ व्या मिनिटाला सर्जिओ अग्वेरोने गोल मारून मँचेस्टर सिटीला चॅम्पियन केलं. समोरची टीम होती क्वीन्स पार्क रेंजर्स. त्याच वेळी स्टोकमध्ये बोल्टन खेळत होता. सिटीने तो सामना जिंकला होता, त्यामुळे बोल्टननेही आपला सामना जिंकला असता तर क्वीन्स पार्क रेंजर्स खाली गेले असते आणि बोल्टन वाचला असता. बोल्टन २-१ ने पुढे होता. शेवटी २-२ अशी बरोबरी झाली. बोल्टन ३६ गुण, क्वीन्स पार्क रेंजर्स ३७. एका गुणाने बोल्टन खाली.

ऑक्टोबरमध्ये कॉयल यांना काढलं गेलं. पण बोल्टनचं दुखणं कोचपुरतं नव्हतं. क्लबवर १० कोटी पौंडांहून अधिक कर्ज होतं आणि त्यातला मोठा वाटा मालक एडी डेव्हिस यांनी दिलेल्या पैशांचा होता. म्हणजे पुन्हा एकच खिसा. कॉयल यांच्यानंतर कोच बदलत राहिले, क्लब घसरत राहिला आणि २०१९ मध्ये प्रशासकाच्या ताब्यात गेला. ग्रेटनाचीच गोष्ट, फक्त मोठ्या आकड्यांची.

पुण्याच्या मालकांकडे नोकरी

यानंतरची वर्षं कॉयल यांच्यासाठी वाईट होती. २०१३ मध्ये विगनला गेले आणि सहा महिन्यांच्या आत बाहेर पडले. मग अमेरिकेत ह्यूस्टन डायनमो, तिथून मे २०१६ मध्ये परत.

जून २०१६ मध्ये ते ब्लॅकबर्न रोव्हर्सचे कोच झाले आणि इथे आपल्या महाराष्ट्राचा संबंध येतो. ब्लॅकबर्नचे मालक म्हणजे पुण्याचा व्हेंकीज ग्रुप, पोल्ट्रीवाला. त्यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये हा क्लब विकत घेतला. १९९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकलेला हा क्लब व्हेंकीजच्या काळात २०१२ ला खालच्या लीगमध्ये गेला होता. फॅन्सनी मालकांविरुद्ध जोरदार आंदोलनं केली होती. त्यात ब्लॅकबर्न आणि बर्नली हे कट्टर वैरी. बर्नलीचा जुना हिरो ब्लॅकबर्नचा कोच म्हणून येणं हे निम्म्या स्टेडियमला पहिल्या दिवसापासून पटलं नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये कॉयल गेले. टीम तेव्हा खालच्या तीन जागांमध्ये होती. नवा कोच आला, खेळ सुधारला, पण गोल फरकाने ब्लॅकबर्न तिसऱ्या स्तरावर घसरला. त्यानंतर कॉयल स्कॉटलंडमध्ये रॉस काउंटीला गेले, तिथे पाच महिने टिकले आणि त्या हंगामात तो क्लबही खाली गेला.

२०१८ च्या सुरुवातीला चित्र असं होतं: बर्नलीचा हिरो, पण त्यानंतर ओळीने अपयश. युरोपात कुणी विचारत नव्हतं. मग फोन आला तो चेन्नईहून.

चेन्नई: तळापासून फायनलपर्यंत

डिसेंबर २०१९. चेन्नईयन एफसीने पहिल्या सहा सामन्यांत जेमतेम पाच गुण मिळवले होते. कोच जॉन ग्रेगरी यांनी पद सोडलं आणि कॉयल आले.

पुढच्या १२ सामन्यांत चेन्नईयनने २४ गुण मिळवले. एकूण २९ गुणांसह चौथी जागा आणि सेमीफायनल. टीममध्ये अनिरुद्ध थापा आणि लालियानझुआला छांगटे हे तरुण भारतीय होते, गोल मारायला लिथुआनियाचा नेरियस वाल्स्किस. वाल्स्किसने त्या हंगामात १५ गोल केले आणि गोल्डन बूट मिळवला.

सेमीफायनलला समोर एफसी गोवा, लीगमध्ये पहिला आलेला. चेन्नईत ४-१ असा विजय, फातोर्ड्यात २-४ असा पराभव. दोन्ही सामने मिळून ६-५ आणि चेन्नईयन फायनलला. त्या सेमीफायनलमध्ये गोव्याचे हंगामी कोच कोण होते माहीत आहे? क्लिफर्ड मिरांडा. डेम्पोकडून खेळलेला अस्सल गोंयकार. हे नाव पुन्हा येणार आहे.

फायनल १४ मार्च २०२० ला फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर झाली, पण रिकाम्या स्टँडसमोर. कोविड येऊन ठेपला होता. एटीकेने ३-१ ने बाजी मारली. दहा दिवसांनी देशात लॉकडाऊन लागला.

जमशेदपूर: गोव्याच्या बबलमधलं विजेतेपद

२०२० मध्ये कॉयल जमशेदपूरला गेले. पहिल्या हंगामात सहावी जागा. दुसरा हंगाम इतिहासात गेला.

कोविडमुळे २०२०-२१ आणि २०२१-२२ हे दोन्ही हंगाम पूर्णपणे गोव्यात झाले. फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. टीम महिनोनमहिने हॉटेलात बंद. बाहेर जायचं नाही, कुटुंबाला भेटायचं नाही, मैदानावर प्रेक्षक नाहीत.

त्यात २०२१-२२ पासून नियम बदलला. आधी मैदानावर पाच परदेशी खेळाडू चालायचे, आता चारच. म्हणजे ११ पैकी किमान सात भारतीय. ज्यांनी भारतीय खेळाडूंवर मेहनत घेतली त्यांना याचा फायदा होणार होता.

कॉयल यांनी स्कॉटलंडहून ग्रेग स्टुअर्टला आणलं. त्याने १० गोल केले, १० गोलांना पास दिले आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. शेवटचा साखळी सामना ७ मार्च २०२२ ला एटीके मोहन बागानविरुद्ध होता. दोघांपैकी कुणीही लीग जिंकू शकत होतं. रित्विक दासच्या एका गोलने जमशेदपूरने १-० ने बाजी मारली. २० सामन्यांत ४३ गुण, तोपर्यंतचा आयएसएलचा विक्रम.

इथे एक फरक समजून घ्या. तेव्हा साखळी सामन्यांत जो पहिला यायचा त्याला लीग विनर्स शील्ड मिळायची. त्यानंतर प्ले-ऑफ व्हायचे आणि तिथे जिंकणाऱ्याला आयएसएल ट्रॉफी. जमशेदपूरने शील्ड जिंकली, पण सेमीफायनलला केरळा ब्लास्टर्सकडून हरला. पूर्ण हंगामात सर्वोत्तम कोण हे विचाराल, तर उत्तर शील्ड देते.

आणि पुढच्या वर्षी?

दोन हंगाम बबलमध्ये काढून कॉयल स्कॉटलंडला परतले, क्वीन्स पार्क क्लबात. ग्रेग स्टुअर्टला मुंबई सिटीने घेतलं.

२०२२-२३ मध्ये जमशेदपूर ११ टीम्समध्ये दहावा आला. मुंबई सिटी ४६ गुणांचा नवा विक्रम करून पहिली.

यापुढचा तपशील जास्त बोलका आहे. शील्ड जिंकल्यामुळे जमशेदपूरला एएफसी चॅम्पियन्स लीगच्या जागेसाठी एक सामना खेळायची संधी होती. तो सामना झाला थेट एप्रिल २०२३ मध्ये, वर्षभराने. समोर मुंबई सिटी. जमशेदपूर १-३ ने हरला. कमावलं एका टीमने, वर्षभराने खेळली दुसरीच टीम आणि जागा गेली मुंबईला.

तिकडे क्वीन्स पार्कमध्ये कॉयल यांनी लीग जिंकण्याची संधी शेवटच्या दिवसापर्यंत नेली. डंडीविरुद्ध ३-५ ने हरले, प्ले-ऑफमध्येही बाहेर पडले आणि पद सोडलं. २०२३ मध्ये चेन्नईयनने त्यांना परत बोलावलं. पहिल्या हंगामात सहावी जागा आणि प्ले-ऑफ. दुसऱ्या हंगामात, २०२४-२५ मध्ये, १३ टीम्समध्ये अकरावी जागा. याच चेन्नईने दोनदा आयएसएल ट्रॉफी जिंकली आहे.

मग लीगच थांबली

भारतीय फुटबॉल महासंघ, म्हणजे एआयएफएफ, याने २०१० मध्ये आपले सगळे व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी एका कंपनीला दिले होते. करार ७०० कोटी रुपयांचा. याच कराराच्या जोरावर २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली. रिलायन्सशी जोडलेली एफएसडीएल ही कंपनी लीग चालवायची. हा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता आणि ही तारीख १५ वर्षं आधीपासून सगळ्यांना माहीत होती.

तरीही तयारी नव्हती. महासंघाच्या घटनेचा खटला सुप्रीम कोर्टात चालू होता, त्यामुळे नव्या कराराची बोलणी अडली. ११ जुलै २०२५ ला एफएसडीएलने क्लबांना कळवलं की पुढचा हंगाम तूर्त स्थगित. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने पगार थांबवले, चेन्नईयनने कामकाज थांबवलं. सप्टेंबरात कोर्टाने घटनेवर निकाल दिला. मग टेंडर निघालं. नोव्हेंबरात मुदत संपली तेव्हा एकही बोली आली नव्हती.

डिसेंबरमध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतून काढता पाय घेतला. हा तोच ग्रुप, ज्याच्याकडे मँचेस्टर सिटी आहे. २०१९ पासून मुंबईचा ६५ टक्के हिस्सा त्यांच्याकडे होता. जानेवारीच्या सुरुवातीला सुनील छेत्री, गुरप्रीत सिंग संधू, संदेश झिंगन या खेळाडूंनी व्हिडिओ करून थेट फिफाला साकडं घातलं. ६ जानेवारीला केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी लीग होणार असं जाहीर केलं.

या सगळ्यात कॉयल आणि चेन्नईयन २०२५ मध्येच वेगळे झाले होते. त्यांच्या जागी आले क्लिफर्ड मिरांडा. हो, तेच. २०२० च्या सेमीफायनलमध्ये ज्यांना कॉयल यांनी हरवलं होतं. २०२३ मध्ये ओडिशाला सुपर कप जिंकून दिल्यानंतरही मोठ्या क्लबची हेड कोचची खुर्ची त्यांना मिळाली ती परदेशी कोच परवडेनासे झाले तेव्हा.

जमशेदपूरची खुर्चीही पाहा. कॉयल यांच्यानंतर दोन इंग्लिश कोच आले आणि गेले. मग आले खालिद जमील, मुंबई एफसी या मुंबईच्या जुन्या क्लबचे अनेक वर्षं कोच राहिलेले. त्यांनी दहाव्या जागेवरून उचललेली टीम २०२५ मध्ये सेमीफायनलला नेली. ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतीय टीमचे कोच झाले, १३ वर्षांनी या पदावर आलेले पहिले भारतीय. आणि त्यांच्या वाट्याला टीम कोणती आली? जिच्या खेळाडूंना लीगच नव्हती. ऑक्टोबरात फातोर्ड्यात सिंगापूरकडून १-२ असा पराभव, नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशकडून ०-१. हरण्याची कारणं आणखीही आहेत, पण सामने न खेळता टीम तयार होत नाही, हे सांगायला एक्स्पर्ट लागत नाही.

मग कोचला काहीच महत्त्व नाही का?

आहे ना. बर्नली आणि चेन्नईयन ही त्याचीच उदाहरणं आहेत. चेन्नईयनमध्ये तोच क्लब, तेच खेळाडू आणि कोच बदलताच गुणांचा वेग दुप्पटीहून जास्त झाला. कॉयल यांच्याविरुद्धही मुद्दे आहेत. बर्नलीला निम्म्या हंगामात सोडणं हा त्यांचा निर्णय होता. विगन, ब्लॅकबर्न, रॉस काउंटी, सगळीकडे फक्त मालकांना दोष देऊन चालणार नाही. चेन्नईयन अकरावा आला तेव्हा कोच तेच होते.

पण त्यांचं करिअर एका ओळीत ठेवलं तर दिसतं असं: चांगला कोच दोन हंगामांत गुणतक्ता बदलू शकतो. कर्ज, मालकाचा मूड, टीव्हीचा करार आणि अकॅडमी या गोष्टी तो बदलू शकत नाही. ग्रेटनाला चांगली टीम होती. बोल्टनला चांगला कोच होता. पैसा एकाच दारातून येत होता, ते दार बंद झालं. आयएसएलमध्ये क्लबांचे मालक वेगवेगळे आहेत, त्यांच्याकडे पैसाही आहे, पण ज्या लीगमध्ये खेळायचं ती लीगच एका करारावर उभी होती. खांब एकच असला की तो किती जाड आहे याला फार अर्थ उरत नाही.

जमशेदपूर दहावा आल्यावरही बुडाला नाही, यामागेही कारण आहे. त्या शहरात टाटांची फुटबॉल अकॅडमी १९८७ पासून आहे. तिथे फुटबॉल कॉयल यांच्या आधी होता आणि नंतरही राहिला. पडल्यावर उठायला काहीतरी खाली असावं लागतं.

आता काय बघायचं?

फेब्रुवारीत सुरू झालेली लीग ही तात्पुरती सोय आहे. पुढच्या हंगामाच्या बातम्या येतील तेव्हा कोणत्या क्लबने कोणता परदेशी कोच आणला यावर रील्स बनतील, पोस्ट फिरतील. ते बघाच, मजा आहे त्यात. पण सोबत तीन गोष्टी विचारा. लीगचे हक्क किती वर्षांसाठी आणि कुणाकडे आहेत? क्लबांना लीगच्या कमाईतून किती वाटा मिळणार? आणि मिरांडा, खालिद यांच्यासारख्या कोचना खुर्ची अडचणीच्या काळापुरती मिळाली आहे की चांगल्या दिवसांतही राहणार?

कॉयल यांनी भारतात साधारण पाच हंगाम काढले. एक फायनल, एक शील्ड आणि काही घडलेले खेळाडू ही त्यांची कमाई. पन्नाशी ओलांडलेला, युरोपात नाव उतरलेला कोच इथे येऊन एवढं करून गेला, म्हणजे इथल्या खेळाडूंमध्ये दम नाही असं म्हणायची सोय उरत नाही. दम आहे. त्यांना दर सप्टेंबरात वेळेवर सुरू होणारी लीग हवी आहे. ती देणं कुठल्याही कोचच्या हातात नाही.